दोन बोटं

योहान कंपाउंडर चांगला माणूस होता, असं सांगणारे खांडबाऱ्यात गल्लोगल्ली सापडतील. मी त्यांच्यातला नाही. दवाखान्याच्या ओट्यावर त्याच्या आठवणीसाठी बाकडं करायचं ठरलं, तेव्हा चार जण माझ्याकडे आले. सागाची फळी द्या आणि त्या दिवशी दोन शब्द बोला, म्हणाले. फळी दिली. पडून होती, आणि बाकड्यावर बसणाऱ्यांशी माझं भांडण नाही. बोलायला मात्र गेलो नाही. माझं तोंड मला ठाऊक आहे. दोन शब्दांत ते थांबलं नसतं. लिहिताना निदान मध्येच कोणी हात धरून खाली बसवत नाही.

योहान गावीत नवापूरकडच्या डोंगरातला, ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरचा. मिशनच्या शाळेत शिकला, एका डॉक्टरच्या हाताखाली औषधं कालवायला शिकला आणि आमच्या दवाखान्यात येऊन चिकटला. डॉक्टर आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, गाडीनं यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. उरलेले सहा दिवस दवाखाना म्हणजे योहान. त्याच्या घरात त्यांची डोंगरातली बोली चाले, डॉक्टरांशी तो शाळेतलं मराठी बोले आणि आमच्याशी आमची अहिराणी. तिन्ही बोलींत त्याचा आवाज एकच, खालचा. शेजारच्या खोलीत कोणी नुकतं डोळा लागून पडलं असावं, तसा तो बोलायचा आणि तसाच चालायचा, अगदी भर बाजारातसुद्धा.

बोटांची टोकं टिंक्चरनं कायमची पिवळी. खिशात एक बारकी कात्री. त्या कात्रीनं तो कागदाची पट्टी कापायचा, दोन्ही कडांना खाचा पाडायचा आणि कणकेच्या खळीनं ती बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक मात्रा. हे सगळेच कंपाउंडर करतात. पण योहान चार दिवसांच्या वर औषध कधी देत नसे. पाचव्या दिवशी बाटली घेऊन दुखणाईतानंच यायचं, घरच्या दुसऱ्या माणसाला तो परत पाठवायचा. "बाटलीले काय रोग व्हयेल शे?" म्हणायचा. ज्याला उठवतच नाही त्याच्या घरी हा पायी जाई, पण तिथेही बाटली त्या माणसाच्या हातूनच घेई. पलंगाखालची बाटली उचलून द्यायला एखाद्याला पाव तास लागला तर हा पाव तास उभा राही. मी एकदा असाच उभा राहिलेला पाहिला आणि म्हणालो की अरे, तू वाकलास तर तुझी कंबर मोडेल का. तो नुसता हसला. तो हसला की माझं डोकं फिरायचं. सौद्यात जो नुसता हसतो त्याच्याकडे काहीतरी लपवलेलं असतं, हे मला माझ्या धंद्यानं शिकवलंय.

लोक त्याला वायदेवाला म्हणायचे. त्याची हकिकत अशी. 'तू बरा होशील' हे वाक्य योहानच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. ते सांगणं डॉक्टरांचं आणि वरच्याचं काम, असं तो म्हणे. तो फक्त विचारायचा की पोळ्याला बैलांची शिंगं कोण रंगवणार? होळीचा दांडा आणायला कोण जाणार? दुखणाईत म्हणाला, "पोऱ्या करी," तर योहान मान हलवायचा, पुन्हा विचारायचा, उद्या विचारायचा, परवा विचारायचा. तो माणूस वैतागून "मी करसू" म्हणाला की झाला वायदा. मग तो वायदा योहान विसरू द्यायचा नाही. रंग कुठून आणणार, कुठला लावणार, मागच्या साली शिंगाचा रंग उडाला तो का उडाला, असं रोज काहीतरी खणत बसायचा. माणूस अंथरुणात उठून बसायचा आणि त्याच्याशी भांडायचा. भांडताना भाकरी खायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून नाकारत नाही.

हे त्याला सुचलं मानमोडीच्या, त्या जीवघेण्या तापाच्या साथीत. तो तेव्हा नुकता हाताखाली शिकत होता. पाड्यावर त्याची आई आणि चुलती एकाच ओसरीत, एकाच तापात पडल्या. आईनं दुखण्याआधी कोंबडी अंड्यांवर बसवली होती. तापात ती दिवसभर एकच विचारायची, पिल्लं निघाली का? निघाली नाहीत म्हटलं की पाणी मागायची, पाणी प्यायली की पुन्हा विचारायची. चुलती धट्टीकट्टी, पण तिला विचारायला काही नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. आई उठली, पिल्लं मोजायला. हे योहाननं मला कितीदा सांगितलं असेल याला गणती नाही. त्यावरूनच त्याचा तो प्रश्न निघाला होता. नवा दुखणाईत आला की आधी जीभ नाही, नाडी नाही, आधी विचारायचा, "तुन्ही कोंबडी कोठे बठेल शे?" पुढे पुढे गावातली पोरंसोरं एकमेकांना चिडवायला तेच म्हणू लागली.

मी त्याला म्हणायचो, योहान, मानमोडीत कोंबड्या बसवलेल्या बाया काय कमी मेल्या? तुझ्या आईची पिल्लं निघाली म्हणून तू कोंबडीला देवी केलीस. त्यावर तो एकदा गंभीरपणे म्हणाला, "मेल्यात ना. पन आंगनकडे तोंड करीसन मेल्यात."

याचा मला आजही राग आहे.

आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. वायदा पुरा व्हायच्या आत माणूस गेला, तर योहान स्टेशनकडच्या बाभळीखाली जाऊन बसे, थोडा वेळ. पण वायद्याचा दिवस उजाडला की तो त्या घरी हजर. जे काम मेलेल्यानं अंगावर घेतलेलं, ते हा करायचा. वेडू पाटलाच्या दारी पोळ्याला बैलांची शिंगं यानंच रंगवली. हात औषधाचा, शिंगाचा नाही. रंग बैलाच्या डोळ्यात गेला आणि बैलानं याला गोठ्याच्या भिंतीशी दाबला. वेडूच्या म्हाताऱ्या बापानं आदल्या महिन्यात, वेडू गेला तेव्हा, याच योहानला औषधाची बाटली फेकून मारली होती, कपाळावर खोक पडली होती. तोच म्हातारा आता बैल आवरत होता आणि रडता रडता हसत होता. गावात ज्याच्या दारी योहान असा काही न बोलवता उभा दिसे, त्याच्या घरचा वायदा बुडालेला आहे हे सगळ्यांना कळायचं.

आता माझं. मी या गावात आलो तेव्हा माझ्याकडे दुसऱ्याचा एक बैल होता आणि तो विकून देण्याचं काम होतं. त्याच्यावरून पुढे स्वतःचे झाले. बैलांच्या व्यापाऱ्याला आमच्याकडे हेडी म्हणतात, आणि हेडी म्हणजे लबाड असं लोक धरून चालतात. लबाडी मी केली नाही असं म्हणत नाही. पण बैल पाहिला की त्याचं वय, खोड आणि मालकाची नड मला एका नजरेत दिसते. ती नजर कोणी मला दिली नाही. उन्हात उभं राहून कमावली आहे.

आमचा भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, मूठ आवळली की पाच. पण ते दोन म्हणजे वीस की दोनशे, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. ढोर समोर उभं असतं.

योहाननं एकदा भावाच्या शेतीसाठी माझ्याकडून बैल घेतला. रुमालाखाली मी त्याची दोन बोटं धरली. हा बाजारात सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, "दोन? दोन काय?" आसपासचे दलाल पोट धरून हसले. मीही हसलो. मग त्याच्या कानाशी लागून त्याला शिकवलं, "ढोर देख. ढोरच सांगस." त्यानं बैलाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणेन त्या भावाला बैल घेऊन गेला. घासाघीस त्याला यायचीच नाही; बाजारात वांगीसुद्धा सांगतील त्या दरानं घ्यायचा. पण शिकवलेलं विसरायचा नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

माझी बायको भागी. तिला खोकला लागला तो एका पावसाळ्यात, आणि दिवाळीपर्यंत डॉक्टरांनी क्षय असं सांगितलं. मला सांगितलं, बाहेर ओट्यावर नेऊन. तिला नाही. पण मी ओट्यावरून आत गेलो आणि तिला कळलं. तिनं विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली.

योहान रोज यायचा. कोंबडी कुठे बसली आहे, हे त्यानं तिलाही विचारलं. ती बोलेना. पंधरा दिवस विचारत राहिला. आमची एकुलती लेक तुळशी, तिचं त्याच साली लग्न झालं होतं. आमच्या खानदेशात लग्न झालेल्या लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात, आणि पहिल्या आखाजीचा झोका माहेरच्या झाडाला बांधावा लागतो. योहान एक दिवस अंबाडीच्या वाखाचा गड्डा घेऊन आला आणि म्हणाला, यंदा झोक्याला दोर कोण वळणार? मी म्हणालो, विकत आणीन, माझ्या गोठ्यात दोरांचे ढीग पडलेत. भागी पलंगावरून म्हणाली की बैलांच्या दावणीचा दोर लेकीच्या झोक्याला लावणार का. किती दिवसांनी ती बोलली, आणि बोलली ती माझ्यावर खेकसून. योहान तेव्हाही हसला.

त्या दिवसापासून ती दोर वळायला लागली. दिवसाला वीतभर, बरं नसलं की चार बोटं. पलंग खिडकीकडे ओढून घ्यायला लावला, कारण दोर मांडीवर घेऊन वळायला उजेड लागतो. खिडकीतून अंगणातला निंब दिसायचा. कुठल्या फांदीला बांधायचा, यावर योहान आणि ती वाद घालायचे. ती उजवी म्हणे, हा मुद्दाम डावी म्हणे. खोकला तोच होता, ताप तोच होता. पण ती जेवत होती, आणि तिला झोप लागत होती. शेजारणी म्हणायच्या की भागीबाईच्या तोंडावर टवटवी आली.

मला ते दिसत होतं, आणि मला वायद्याचा धंदा माहीत होता. वायद्यावर माल घेणारा माल बघत नाही, तारीख बघतो. मला तारीख नको होती, मला खरं काय ते हवं होतं. होळी झाली होती. निमाडात बैल घ्यायला जायचे दिवस आले होते. एकदा तिकडे गेलं की पायी कळप घेऊन परत यायला दोन-अडीच महिने मोडतात, आणि मध्ये माझा पत्ता माझ्या सावलीलाही नसतो. जाऊ की नको?

तिच्यादेखत विचारता येईना. योहान तिच्या पलंगाशी स्टुलावर बसला होता, मी दारात. मी त्याला ओट्यावर बोलावलं. ओट्यावरूनही आतलं दिसत होतं आणि आतून ओटा. म्हणून मी खांद्यावरचा लाल रुमाल काढला, त्याचा हात धरला आणि दोघांच्या हातांवर टाकला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बैलाचं काही चाललंय. त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तळहातावर बोट दाबून विचारलं. किती?

त्यानं आधी आत भागीकडे पाहिलं. त्याचा हात गार होता. मग त्यानं माझी दोन बोटं धरली. नीट धरली, चुकून नाही.

दोन. दोन वर्षं. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. मी पाच-सहा महिने धरून बसलो होतो. मी तसाच आत गेलो आणि काय बोललो ते आठवत नाही, पण भागी माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं हातातला दोर बाजूला ठेवून मला म्हटलं, "तुम्ही जा निमाडले. आखाजीले तुळशी येई, झोका मीच बांधसू." त्या संध्याकाळी तिनं भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मी निघालो.

आखाजीला तिनं झोका बांधला. म्हणजे शेजारच्या गड्यानं फांदीवर चढून बांधला, ती खालून सांगत होती, आणि फांदी उजवी होती. तुळशी आली होती. लेकीला झोका दिल्यावर भागी स्वतः बसली, दोन झोके घेतले आणि हसली म्हणतात. आखाजीनंतर सहाव्या दिवशी ती गेली. सकाळी, अंगणाकडे तोंड करून. मी तेव्हा नर्मदेच्या पलीकडे एका माळवी माणसाशी खिल्लारावरून हुज्जत घालत होतो. घरी पोचलो तेव्हा दहावं होऊन गेलं होतं. तुळशी म्हणाली, "बाबा, आई हसत व्हती." पोरीला वाटलं, त्यानं मला बरं वाटेल.

निंबाला दोर लोंबत होता. मी तो काढला. एका बैलाच्या गळ्यात बांधला आणि बैल विकला तो दोरासकट. आमच्या धंद्यात बैलाबरोबर दावं देत नाहीत. दावं गेलं की घराची बरकत जाते, असं मानतात. विकणारा बैलाच्या गळ्यातून दोर सोडून घरी आणतो. मी आयुष्यात एकदाच दोर दिला. घेणारा थांबून विचारत होता की नाना, दोर राहिला. मी त्याला शिवी दिली.

त्यानंतर मी बाजारात, गाडीत, चावडीत, जिथे मिळेल तिथे सांगत सुटलो की योहाननं मला दोन वर्षं सांगितली आणि दोन महिन्यांत निकाल लागला. दोन वर्षं! आणि हा म्हणे नाडीचा जाणकार. लोक ऐकून घ्यायचे आणि पुन्हा बाटली घेऊन त्याच्याकडेच जायचे. योहान समोर आला की मी रस्ता बदलायचो. त्यानं एकदाही आपली बाजू मांडली नाही. मला वाटलं, लाज वाटत असेल.

दोन वर्षं झाली. होळी होऊन गेली होती. मी ओट्यावर बसून एका गुजराती व्यापाऱ्याशी बोलत होतो आणि समोर योहान येऊन उभा राहिला. न बोलवता. हातात काही नाही, नुसता उभा. व्यापारी गेला. मी विचारलं, काय काम काढलंस?

तो म्हणाला, "नाना, आज दोन वरीस व्हयनात."

मी विचारलं, कशाचे?

"तू मनमां धरेल व्हता, त्या वायदाना."

मला समजायला वेळ लागला. मी काही मंद नाही. पण काही गोष्टी समजायच्या नसतात तेव्हा माणूस मंद होतो. योहान वायदा बुडालेल्या घरीच येतो. भागीचा वायदा तर पुरा झाला होता, झोका तिनं बांधला होता. मग हा कोणाचा दिवस घेऊन आला होता? माझा. दोन वर्षं मी मनात धरली होती, हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवसापासून ठाऊक होतं. मी विचारलं, मग तुझी बोटं काय सांगत होती?

"दोन महिना."

आणि मी वर्षं समजलो, हे तू पाहिलंस?

त्यानं मान हलवली. माझं तोंड उजळलं ते त्यानं पाहिलं होतं. पुढे एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. बोलला नाही. का नाही, हे त्यानं मला तिथेच, त्याच खालच्या आवाजात सांगितलं. दिवाळीपासून मी भागीकडे रोज कसा बघत होतो, ते तो बघत होता. दात पडलेल्या बैलाकडे हेडी बघतो, तसा. आत यायचो, एक नजर टाकायचो आणि मनात भाव कमी करायचो. ती ते ओळखायची. दोर, झोका, अंबाडी, सगळं खरं. पण मी आत येऊन गेलो की तिचा हात थांबायचा. "औषध मन्हं व्हतं, नाना," तो म्हणाला, "पन ती तुन्हं तोंड पी ऱ्हायंती." त्या दिवशी पहिल्यांदा मी घरधन्यासारखा आत गेलो. ते तोंड तिच्याकडे दोन महिने राहू द्यावं, असं त्याला वाटलं. मी निमाडात निघून जाईन हे त्याच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी निघून गेलो होतो, आणि माझा पत्ता कोणाकडेच नव्हता.

मी म्हणालो, तू तोंडानं का नाही बोललास? महिने की वर्षं, एक शब्द!

तो म्हणाला, "ढोर समोर व्हतं, नाना. तूच शिकाडेल व्हतं."

मी त्याला मारलं. खोटं कशाला सांगू. खांद्यावरचा रुमाल ओढला आणि तोंडावर, खांद्यावर, मिळेल तिथे हाणला. रुमालाचा मार लागत नाही, पण मी दमेपर्यंत मारला. तो उभा राहिला. मग म्हणाला की आज संध्याकाळपर्यंत मी इथे बसतो, काही काम असेल तर सांग. मी दार लावून घेतलं. फटीतून दिसत होतं. दिवस मावळेपर्यंत तो निंबाखाली बसला आणि मग उठून गेला.

मी या माणसाला काय दोष देतो, हे लोकांना समजत नाही. ते म्हणतात, भागीबाई सुखानं गेली की. गेली. दोन महिने तिनं जेवून, भांडून, उजेडात बसून काढले, हे मला मान्य आहे. क्षयाचं माणूस कसं जातं ते मी दुसऱ्या घरी पाहिलंय. ती तशी गेली नाही. आशेनं माणसाचं काय होतं, ते खांडबाऱ्यात माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल. पण त्या आशेची किंमत कोणाकडून घेतली गेली, हे कोणी विचारत नाही. तिला झोका मिळाला. मला दुसऱ्यांच्या तोंडून तिचं हसणं ऐकायला मिळालं. आणि सगळ्यात वाईट हे की तो म्हणाला ते खरं होतं. ढोर समोर होतं. पाव मैलावरून बैलाचं वय सांगणारा मी, आठ पावलांवर बसलेल्या बायकोकडे पाहून महिने आणि वर्षं ओळखू शकलो नाही. ओळखायचीच नव्हती. आयुष्यभर कोणाच्या वायद्याला मी भुललो नाही, आणि एकदा भुललो तो स्वतःच्याच.

पुढे चिंचपाड्याकडच्या बाजारातून येताना कळलं की योहान नोकरी सोडून पाड्यावर गेला आहे आणि त्याच्या पोटात पाणी झालंय. मी वाट वाकडी केली. का, ते नीट सांगता येणार नाही. वाटत होतं, त्यानं एकदा तोंडानं म्हणावं, नाना, चुकलो.

घराच्या ओसरीत खाटेवर होता. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं वर. तोंड अंगणाकडे. त्याची सून धान्य पाखडत होती, तिनं मला पाण्याचा तांब्या दिला आणि कामाला लागली. मी जमिनीवर टेकलो. तो मला पाहून हसला, तसाच. आम्ही बैलांचं बोललो, त्याच्या भावाला मी विकलेल्या त्या बैलाचं, जो कधीच मेला होता. 'चुकलो' तो म्हणाला नाही.

मग त्यानं मला विचारलं, "नाना, रुमाल शे का?"

होता. लालच. मी काढला. त्यानं हात पुढे केला, तळवा वर. त्या पिवळ्या बोटांवर मी रुमाल टाकला आणि माझा हात खाली घातला. त्यानं माझ्या तळव्यावर बोट दाबलं. मी त्याला विचारलं होतं तसंच. सुनेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यानं विचारलं, "कितलं?"

ढोर माझ्यासमोर होतं. या वेळी मी नीट पाहिलं. आठवडा, फार तर दहा दिवस. सगळ्या गावाला वायदे देणाऱ्या या माणसाला एकानंही कधी वायदा दिला नव्हता, हे मला त्या क्षणी दिसलं. माझ्या मुठीत पाच बोटं होती. पाच दिवस, पाच महिने, पाच वर्षं. काय समजायचं ते त्याचं त्यानं समजलं असतं. मला एक शब्द बोलायचा नव्हता. नुसती मूठ आवळायची होती.

आखाजीचा झोका डोळ्यांसमोर आला, मी न पाहिलेला.

मी हात काढून घेतला. ऊन उतरायच्या आत निघायला हवं, असं काहीतरी सुनेला सांगितलं आणि पायऱ्या उतरलो. रुमाल तिथेच राहिला. कुंपणाशी वळताना मागे पाहिलं. तो अंगणाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. रुमालाखाली त्याचा हात तसाच उताणा होता.